तातडीच्या मालाचा ट्रक: रस्ता तोच, वेग तोच, धंदा वेगळा

समजा, टेक्सासमधल्या, मेक्सिकोच्या सीमेवरच्या लरेडो गावातून मिशिगनमधल्या डेट्रॉइटला वायरिंग हार्नेसच्या, म्हणजे मोटारीतल्या तारांच्या जुडग्यांच्या, दोन पॅलेट (माल रचायच्या लाकडी फळ्या) पाठवायच्या आहेत. अंतर साधारण १,६५० मैल, म्हणजे २,६५० किलोमीटरच्या आसपास. अमेरिकेत हा माल रस्त्याने तीन तऱ्हांनी जाऊ शकतो.

एक म्हणजे सुट्या मालाची वाहतूक. तिला तिकडे एलटीएल (लेस दॅन ट्रकलोड, ट्रक न भरणारा माल) म्हणतात. तुमच्या दोन पॅलेट लरेडोच्या टर्मिनलवर जातात, आणखी दहा-वीस गिऱ्हाइकांच्या मालाबरोबर एका ट्रेलरमध्ये चढतात, वाटेत दोन-तीन ठिकाणी उतरून दुसऱ्या ट्रेलरमध्ये जातात आणि चार-पाच दिवसांनी पोचतात. दुसरी म्हणजे पूर्ण ट्रेलर ठरवणं. पण त्या ५३ फुटी ट्रेलरमध्ये २६ पॅलेट जमिनीवर बसतात, तुमच्या दोनच. शिवाय ड्रायव्हर बहुधा एकटा असतो, त्याला मुक्काम करावा लागतो, त्यामुळे तिसरा दिवस उजाडतो. तिसरी तऱ्हा एक्स्पिडाइटची, म्हणजे तातडीच्या वाहतुकीची. फोन गेल्यावर तास-दोन तासांत एक लहान ट्रक दाराशी लागतो, त्यात फक्त तुमच्या दोन पॅलेट चढतात, दाराला सील लागतं आणि गाडी थेट डेट्रॉइटच्या कारखान्याच्या दारातच उघडते. दोघं ड्रायव्हर आळीपाळीने चालवत असतील तर ३२-३३ तासांत.

एसटीने जाणं आणि स्पेशल गाडी करून जाणं, एवढाच फरक वरवर दिसतो. गिऱ्हाइकाच्या बाजूने तो तेवढाच आहेही. ड्रायव्हरच्या बाजूने मात्र दोन्हीकडे तेच हायवे असले, तरी कमाईचं गणित, झोपेचं वेळापत्रक आणि घराशी असलेलं नातं सगळंच बदलतं. हा लेख त्याबद्दल आहे. मी अमेरिकेतल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात मटेरियल प्लॅनिंगचं काम करतो, म्हणजे रात्री-अपरात्री असे ट्रक मागवणाऱ्यांपैकी आहे. हे ड्रायव्हर मला डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या-उतरवायच्या धक्क्यावर, भेटतात.

आधी एक गैरसमज काढून टाकू. एक्स्पिडाइटचा ट्रक जोरात चालत नाही. ताशी ६५-७० मैलांच्या हायवेवर तो इतरांसारखाच चालतो, कॅलिफोर्नियात तीन किंवा जास्त आसांच्या ट्रकला ५५ ची मर्यादा आहे, तसा ट्रक असेल तर तोही ५५ नेच जातो. दंड आणि पोलीस सगळ्यांना सारखेच. वेळ वाचतो तो न थांबण्यात. टर्मिनल नाही, माल भरेपर्यंत वाट पाहणं नाही, आणि टीम असेल तर रात्रीचा मुक्कामही नाही.

मुक्कामाचं गणित कळायला तिथला कायदा थोडा पाहावा लागतो. मालवाहू ट्रकच्या ड्रायव्हरला सलग १० तास सुट्टी झाल्यावर जास्तीत जास्त ११ तास गाडी चालवता येते, आणि तीही ड्युटी सुरू झाल्यापासून १४ तासांच्या आत. या १४ तासांत चहापाणी, डिझेल, डॉकवर रांगेत उभं राहणं सगळं मोजलं जातं. आठ तास चालवल्यावर अर्ध्या तासाची विश्रांती सक्तीची. वर आठ दिवसांत ७० तासांची मर्यादा आहेच. डिसेंबर २०१७ पासून हे सगळं कागदी वहीऐवजी इंजिनाला जोडलेल्या यंत्रात नोंदलं जातं, त्यामुळे पूर्वीसारखी हातचलाखी चालत नाही. आता लरेडो-डेट्रॉइटचे ३० तासांचे चालवणे एकट्याला वाटून पाहा: ११ तास गाडी, १० तास झोप, ११ तास गाडी, १० तास झोप, ८ तास गाडी. झाले ५० तास, तेही सक्तीच्या विश्रांतीचे अर्धे तास न धरता आणि कुठे वेळ वाया गेला नाही तर. टीममध्ये एक चालवतो तेव्हा दुसऱ्याचे मागच्या बंकमधले (झोपायच्या फळीवरचे) तास विश्रांती म्हणून धरले जातात. सात तास बंकमध्ये आणि लगतचे तीन तास शेजारच्या सीटवर बसून काढले तरी दहा भरतात. म्हणून टीमची गाडी डिझेल आणि संडास-बाथरूम सोडून थांबत नाही.

अशा टीममध्ये नवरा-बायकोच्या जोड्या पुष्कळ असतात. मुलं मोठी झालेली, घर विकलेलं किंवा भाड्याने दिलेलं, आणि दोघांनी लायसन्स काढलेलं. चालत्या ट्रकमध्ये सलग सहा-सात तास झोपणं ही शिकावी लागणारी गोष्ट आहे, आणि चालवणाऱ्यावर भरवसा नसेल तर झोप लागतच नाही. अनोळखी दोघांची टीम मोडते ती बहुतेक वेळा इथेच.

गाड्याही वेगळ्या. सर्वसाधारण ट्रकिंग म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो ट्रॅक्टर आणि ट्रेलर, सगळं मिळून ८०,००० पाउंडांपर्यंत, म्हणजे ३६ टनांच्या वर. एक्स्पिडाइटमध्ये तसे ट्रेलरही असतात, पण खरं राज्य दोन लहान गाड्यांचं. एक स्प्रिंटर किंवा ट्रान्झिटसारखी बंद व्हॅन, दोन-तीन पॅलेटची. दुसरा स्ट्रेट ट्रक, म्हणजे एकाच चासीवर केबिन, झोपायची खोली आणि मागे २२-२४ फुटी पेटी, साधारण १२ पॅलेटची. त्या झोपायच्या खोलीचं कौतुक करावं तेवढं थोडं. बंक किमान ७५ इंच लांब आणि २४ इंच रुंद असावा एवढंच कायदा सांगतो, पण स्ट्रेट ट्रकवाले आठ-दहा फुटी खोल्या बांधून घेतात. त्यात सिंक, फ्रिज, मायक्रोवेव्ह, जेवायचं घडीचं टेबल, काहींत शॉवरसुद्धा. हा शौक नव्हे. ही माणसं महिनोन् महिने त्यात राहतात, आणि त्यातला बराच काळ ट्रक उभा असतो.

या धंद्याचं खरं वेगळेपण या उभं राहण्यात आहे. साध्या ट्रकिंगमध्ये ड्रायव्हर मैल विकतो. कंपनी त्याला मैलामागे अमुक सेंट देते, एक माल उतरला की पुढचा ठरलेला असतो, आणि उभा ट्रक म्हणजे बुडालेली कमाई. एक्स्पिडाइटवाला आपलं मोकळेपण विकतो. माझ्या कारखान्याला रात्री ट्रक तासाभरात मिळतो, कारण कोणीतरी त्या भागात रिकामा, भरलेल्या टाकीचा आणि झोप झालेला असा थांबलेला असतो. त्या थांबण्याचे त्याला वेगळे पैसे मिळत नाहीत. ते पुढच्या भाड्यात धरलेले असतात, म्हणून मैलामागचा दर चढा दिसतो. नवखे त्या दराला भुलून येतात, आठवड्यातले थांबलेले दिवस मोजत नाहीत आणि दोन-तीन महिन्यांत कंटाळून परत जातात.

काम येतं कसं, ते जवळून पाहू. फोनवर किंवा गाडीतल्या टॅबलेटवर एक ऑफर येते. त्यात असतं साधारण असं: उचल टोलीडो, ओहायो, आज रात्री ११. पोच स्मर्ना, टेनेसी, उद्या सकाळी ८. दोन स्किड (म्हणजे पॅलेट), १,४०० पाउंड. रिकामे मैल ५८, भरलेले मैल ५०० च्या आसपास. रक्कम अमुक. आणि खाली होय-नाही. उत्तराला काही मिनिटंच असतात, कारण हीच ऑफर आणखी दोघा-तिघांकडे गेलेली असू शकते.

त्या मिनिटांत जाणता ड्रायव्हर काय काय बघतो? पहिलं म्हणजे टोलीडो पूर्वेच्या वेळेत आहे आणि स्मर्ना एक तास मागे असलेल्या 'सेंट्रल' वेळेत, म्हणजे हाताशी नऊ नव्हे, दहा तास आहेत. स्मर्नात निसानचा कारखाना आहे, म्हणजे बहुधा उत्पादनाच्या लाइनला लागणारा माल, उशीर चालणार नाही. दहा तासांतला किती वेळ टोलीडोच्या डॉकवर कागद तयार होण्यात जाईल? रिकामे ५८ मैल धरून एकूण रक्कम मैलामागे किती पडते? नवखा फक्त भरलेल्या मैलांनी भागतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, उतरवल्यावर स्मर्नाहून पुढे काय? टेनेसीत कारखाने भरपूर, त्यामुळे परतीचं काही ना काही मिळेल. हीच ऑफर दक्षिण फ्लोरिडाची असती तर? फ्लोरिडात माल जातो पुष्कळ, निघतो थोडा. तिकडे जाणारं भाडं उत्तम दिसतं आणि मग दोन दिवस पार्किंगमध्ये बसून शेवटी जॉर्जियापर्यंत रिकामं यावं लागतं. मोंटाना, नॉर्थ डकोटा, मेन यांचीही तीच गत. म्हणून मुरलेला माणूस जाण्याच्या भाड्यातच परतीचे रिकामे मैल धरतो, आणि ते बसत नसतील तर नाही म्हणतो. नाही म्हणता येणं हे या धंद्यातलं निम्मं कसब आहे. साध्या ट्रकिंगमधल्या पगारी ड्रायव्हरला ही मुभा क्वचितच असते. त्याच्याऐवजी ही डोकेफोड कंपनीचा डिस्पॅचर, म्हणजे गाड्यांना कामं वाटणारा माणूस, करतो, आणि खरं सांगायचं तर बऱ्याच जणांना तेच बरं वाटतं.

आता याच टोलीडोच्या ऑफरमधली दुसरी बाजू. ती आली रात्री साडेनऊला. ड्रायव्हर सकाळी सहाला उठला होता. दिवसभर ट्रकस्टॉपवर होता, कपडे धुतले, टीव्ही पाहिला, बायकोशी फोनवर बोलला. यंत्राच्या नोंदीत हा अख्खा दिवस सुट्टी. म्हणजे कायद्याने त्याच्याकडे पूर्ण ११ तास शिल्लक आहेत. त्याने होय म्हटलं तर माल स्मर्नाला उतरेल तेव्हा तो सलग २७ तास जागा असेल, आणि यंत्र हिरवा दिवाच दाखवत असेल.

कायद्यात याला तोड आहे, नाही असं नाही. थकलेल्या किंवा आजारी ड्रायव्हरने गाडी चालवू नये आणि कंपनीने चालवू देऊ नये असा केंद्रीय नियम आहे, कलम ३९२.३. २०१६ पासून ड्रायव्हरवर त्यासाठी दबाव आणणंही वेगळा गुन्हा ठरला. पण डोळ्यांवर किती झोप आहे हे कोणतंच यंत्र मोजत नाही, ते त्याचं त्यालाच ठरवावं लागतं, तेही समोर चांगली रक्कम दिसत असताना. म्हणून जुने एक्स्पिडाइटवाले दुपारी पडदे लावून झोपतात. ऑफर येवो न येवो. कारखान्यांच्या अडचणी बहुधा दुसऱ्या पाळीच्या सुमारास कळतात, फोन संध्याकाळनंतर सुरू होतात, हे त्यांना पाठ असतं. दुपारी दोन वाजता पार्किंगमध्ये काळे पडदे लावलेला स्ट्रेट ट्रक दिसला तर आळशी समजू नका, तो माणूस कामाची तयारी करतोय.

व्हॅनचं प्रकरण यापेक्षा नाजूक आहे. अमेरिकेत गाडीचं ठरवून दिलेलं कमाल वजन १०,००१ पाउंडांपेक्षा कमी असेल (सुमारे साडेचार टन) आणि त्यात पाटी लावावी लागेल असा घातक माल नसेल, तर आंतरराज्य वाहतुकीतले हे कामाच्या तासांचे केंद्रीय नियम तिला लागूच होत नाहीत. यंत्र नाही, ११ तास नाहीत, १४ तास नाहीत. व्यावसायिक लायसन्सही लागत नाही, ते २६,००१ पाउंडांपासून पुढे. त्यामुळे साधं कारचं लायसन्स आणि एक व्हॅन एवढ्यावर माणूस या धंद्यात शिरू शकतो. चांगल्या कंपन्या स्वतःची मर्यादा घालतात आणि पाळतात. पण लरेडोहून डेट्रॉइटला एकट्या व्हॅनवाल्याने "मी ३४ तासांत आणतो" म्हटलं, तर तो वाटेत झोपणार कधी, हा प्रश्न माल मागवणाऱ्याने विचारायला हवा. आमच्या व्यवसायात तो फार वेळा विचारला जात नाही. मला हे अजिबात आवडत नाही. माल भरलेला असताना व्हॅनमध्ये आडवं पडायलासुद्धा जागा नसते, मागची घडीची कॉट माल उतरल्यावरच उघडता येते.

शिरणं सोपं, म्हणून गर्दीही तिथेच. माल कमी आणि व्हॅन जास्त झाल्या की दर आधी व्हॅनचे पडतात. स्ट्रेट ट्रकला भांडवल लागतं, मोठ्यांना लायसन्स लागतं, टीमला दोन माणसं लागतात, म्हणून तिथे घसरण जरा उशिरा येते. जितकं करायला अवघड तितका दर टिकतो. उदाहरणार्थ दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये न्यायची औषधं. त्यात ट्रकचं तापमान आधी तपासून प्रमाणित केलेलं असतं आणि पूर्ण प्रवासाची नोंद द्यावी लागते. घातक रसायनांना वेगळी परवानगी लागते. संग्रहालयातली चित्रं, दवाखान्यातली स्कॅनची यंत्रं, प्रदर्शनातले नमुने यांना ब्लँकेट, पट्टे, हायड्रॉलिक लिफ्टगेट (माल वर-खाली करणारी मागची फळी) आणि हात जपून लावणारा माणूस हवा. साध्या ट्रकिंगमध्ये ड्रायव्हरने मालाला हातही लावायचा नाही अशी पद्धत वाढत चालली आहे. इथे उलट, तो डॉकवर उभा राहून नग मोजतो, पट्टे स्वतः आवळतो, सीलचा नंबर कागदावर टिपतो, भरल्याचा फोन करतो, वाटेत ठरल्या वेळी ठावठिकाणा कळवतो आणि उतरवल्यावर सही करणाऱ्याचं नाव आणि वेळ लगेच पाठवतो. त्या नावासाठी पलीकडे तीन-चार माणसं फोन धरून बसलेली असतात. त्यातला एक मी.

आता एवढी घाई कोणाला आणि का असते? सगळ्यात जास्त मोटारीच्या कारखान्यांना. साठा कमीत कमी ठेवायचा आणि भाग लागतील तसे मागवायचे, ही जपानी पद्धत अमेरिकेत १९८० च्या दशकात रुजली. १९८४ मध्ये जनरल मोटर्स आणि टोयोटा यांचा कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा सामाईक कारखाना सुरू झाला, त्याने तिला मोठं बळ दिलं. गोदामातला साठा गेला, तसा चुकायला वावही गेला. एका भागापायी लाइन थांबली तर मिनिटाला हजारो डॉलरचा फटका बसतो, आणि तो बहुधा भाग पुरवणाऱ्याच्या माथी मारला जातो. मग काही हजारांचा ट्रक स्वस्त वाटतो. त्याआधीच, १९८० च्या कायद्याने, ट्रकिंगवरची सरकारी दराची आणि मार्गांची बंधनं सैल झाली होती, त्यामुळे असा मधल्या आकाराचा, मागेल त्या वेळी मिळणारा ट्रक चालवणं शक्य झालं. म्हणूनच हा धंदा ओहायो-मिशिगनच्या पट्ट्यात वाढला. ओहायोतल्या अ‍ॅक्रनची रॉबर्ट्स एक्स्प्रेस १९९८ मध्ये फेडेक्सच्या छत्राखाली आली आणि पुढे फेडेक्स कस्टम क्रिटिकल झाली. ओहायोतच १९९२ मध्ये निघालेली पँथर २०१२ मध्ये आज आर्कबेस्ट नावाने चालणाऱ्या मालवाहतूक कंपनीने घेतली.

चाकणला मी हेच काम करत होतो तेव्हा याचं इतकं स्तोम नव्हतं, आणि त्याचं कारण साधं आहे. तिथे पुरवठादार भोसरीत, तळेगावात, फार तर रांजणगावात. भाग अडला की एक छोटा हत्ती पाठवायचा, दोन तासांत काम. इथे तोच भाग २,६०० किलोमीटरवर असतो आणि मध्ये एक आंतरराष्ट्रीय सीमाही असते.

सीमेचा प्रश्न फेब्रुवारी २०२२ मध्ये सगळ्यांना दिसला. डेट्रॉइट आणि कॅनडातलं विंडसर यांना जोडणारा अ‍ॅम्बेसेडर ब्रिज आंदोलकांनी जवळपास आठवडाभर अडवला. ट्रक उत्तरेला पोर्ट ह्युरॉनच्या पुलावरून वळले, तिथे रांगा लागल्या आणि दोन्ही देशांतल्या कारखान्यांच्या पाळ्या रद्द झाल्या. त्याहून टोकाचं उदाहरण मे २०१८ चं. मिशिगनमधल्या ईटन रॅपिड्स इथल्या मेरिडियन मॅग्नेशियम या कारखान्यात २ मे रोजी स्फोट होऊन आग लागली. फोर्डच्या एफ-१५० पिकअपचे भाग तिथे ओतले जात, आणि त्याविना फोर्डला आपल्या सर्वाधिक खपाच्या गाडीचं उत्पादन थांबवावं लागलं. मग जळक्या कारखान्यातून साचे बाहेर काढले. त्यातला ८७,००० पाउंडांचा, म्हणजे सुमारे ३९ टनांचा एक साचा ओहायोतल्या कोलंबसहून अँटोनोव्ह विमानाने इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमला नेला, दारापासून दारापर्यंत ३० तासांत. १८ मेला डिअरबॉर्नची लाइन पुन्हा सुरू झाली. विमानाचे फोटो सगळीकडे आले. कारखान्यापासून विमानतळापर्यंतचा तुकडा रस्त्यानेच गेला होता, त्याचा फोटो मात्र मी कुठे पाहिला नाही.

असे प्रसंग विरळा. रोजची कारणं किरकोळ असतात. कोणीतरी साठा चुकीचा मोजलेला असतो, मशीनचा एक सेन्सर गेलेला असतो, एक खोका तपासणीत नापास होतो, बर्फ पडतो, सीमेवर कागद अडतो. वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकात पुरवठादाराने किती वेळा जादा भाड्याची वाहतूक वापरली याची नोंद ठेवणं सक्तीचं आहे, म्हणजे आमच्या बाजूने प्रत्येक एक्स्पिडाइट हा प्रगतिपुस्तकातला लाल शेरा असतो. तुमचा वाईट दिवस तोच त्या ड्रायव्हरचा चांगला दिवस, हे दोघांनाही माहीत असतं आणि डॉकवर कोणी बोलून दाखवत नाही. उलटही खरं. जुलैच्या सुरुवातीला आणि नाताळात कारखाने बंद असतात तेव्हा एक्स्पिडाइटवाल्यांचे फोन शांत होतात, आणि नव्या मॉडेलची सुरुवात असते तेव्हा, सगळं काही चुकत असल्यामुळे, त्यांची चांदी असते.

कमाईबद्दल ठोस आकडा कोणी सांगितला तर जपून ऐकावं. पगारी ट्रक ड्रायव्हरचं उत्पन्न आठवड्यागणिक फार हलत नाही. एक्स्पिडाइटवाला बहुतेक स्वतःच्या गाडीचा मालक असतो, एखाद्या कंपनीशी करार करून तिच्या नावाने चालवतो आणि भाड्यातला ठरलेला टक्का घेतो. एका आठवड्यात तीन उत्तम भाडी, पुढच्यात एकही नाही, असं होतं. डिझेल, टायर, दुरुस्ती त्याची. गाडी दुसऱ्याची आणि चालवणारे वेगळे असतील तर मालक आणि ड्रायव्हर यांच्यात साठ-चाळीस अशी जुनी वाटणी अजून ऐकू येते, पण त्यात डिझेल कोणाचं यावर सगळं अवलंबून. घरी जाण्याचं म्हणाल तर साध्या ट्रकिंगमध्ये रोज घरी परतायची कामंही आहेत. एलटीएल कंपन्यांच्या रात्रीच्या टर्मिनल ते टर्मिनल फेऱ्या आहेत, एकाच गिऱ्हाइकाच्या बांधलेल्या फेऱ्या आहेत. एक्स्पिडाइटमध्ये असलं काही नाही. शुक्रवारी संध्याकाळी घरापासून २० मैलांवर असताना उलट्या दिशेची ऑफर येते, आणि आठवड्यातली ती एकच चांगली असते.

मग हे करतं कोण? ज्याला रोजचा ठरलेला रस्ता जड जातो, ज्याच्याकडे दोन-तीन कोरडे आठवडे निभावतील इतकी गंगाजळी आहे, आणि ज्याला रिकामं बसणं जमतं. हे शेवटचं सगळ्यात कमी लोकांना जमतं. माझ्या पाहण्यातले जे टिकले ते गाडीत काहीतरी उद्योग करणारे आहेत. एक जण लाकडात कोरीव काम करतो, एका जोडप्यातली बाई गाडीतूनच दुसऱ्या छोट्या धंद्यांचे हिशेब लिहिते.

आपल्याकडची अमेरिकेत आलेली मुलं कधी कधी व्हॅन घेऊन यात पडावं का असं विचारतात. कामाचा परवाना नीट असेल, तर मी त्यांना कंपनीचा करार पुढे ठेवायला सांगतो आणि दर सोडून बाकीची कलमं वाचायला लावतो. रिकाम्या मैलांचे पैसे आहेत का, असल्यास कितव्या मैलापासून. डिझेलचा अधिभार पूर्ण ड्रायव्हरला की वाटून. डॉकवर दोन तासांवर थांबावं लागलं तर तासाला किती, आणि ते गिऱ्हाइकाने दिले तरच की कसंही. निघाल्यावर गिऱ्हाइकाने ऑर्डर रद्द केली तर काय मिळतं, कारण या धंद्यात ते नेहमी घडतं, हरवलेला खोका गोदामाच्या कोपऱ्यात सापडतो आणि टोलीडोच्या वाटेवरच्या ट्रकला परत फिरायला सांगितलं जातं. ऑफर नाकारल्या तर पुढच्या ऑफर कमी होतात का. मालाचा विमा किती रकमेचा, आणि अपघातात पहिले किती हजार ड्रायव्हरच्या खिशातून. आणि करार सोडायचा झाला तर अनामत किती दिवसांनी परत.